सोने शोधणाऱ्याचा दांडा आणि विकणाऱ्याचे ईमान

सोन्याचा भाव चढला की सराफाच्या दुकानातील गर्दी सर्वांना दिसते. परंतु जेथे सोने प्रत्यक्ष मातीतून निघते, तेथे कोणता बाजार भरतो याकडे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांचे फारसे लक्ष जात नाही. सोने थोड्यांच्याच हाती लागते, पण फावडे, कुदळ, पाण्याची टाकी, बॅटरी आणि सोने शोधणारी यंत्रे यांचा धंदा मात्र रोज चालतो. या यंत्रांच्या एका अगदी साध्या सुट्या भागाविषयी, म्हणजे त्यांच्या दांड्याविषयी, आज आम्ही लिहीत आहोत. विषय लहान वाटेल. परंतु एका गरीब माणसाची कमाई आणि दुकानदाराचे ईमान, दोन्ही या दांड्याला टांगलेली आहेत.

आधी पार्श्वभूमी पाहू. २०११ साली दक्षिण सुदान वेगळा झाला आणि सुदानचे सुमारे तीन चतुर्थांश तेल त्याच्याबरोबर गेले. त्यानंतर त्या देशाचा भर सोन्यावर आला. नाईल काठचा वाळवंटी प्रदेश आणि लाल समुद्राजवळच्या टेकड्या येथे लाखो लोक सोन्याच्या शोधात उतरले. २०१२ मध्ये उत्तर दारफूरमधील जबल आमिर येथे सोने सापडले आणि तेथेही मोठी झुंबड उडाली. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या युद्धाने त्या देशाचे कंबरडे मोडले आणि हेच सोने लढणाऱ्या दोन्ही बाजूंच्या तिजोरीत गेले. या सगळ्यात वाळवंटात चालणारा सामान्य माणूस मात्र कर्ज काढून किंवा चार भागीदार गोळा करूनच यंत्र घेत आला आहे. तो बहुतांशी मुसलमान आहे, रोजेदार आहे, आणि घरी पैसे पाठवणारा आहे. आपल्या कोकणातल्या परदेशी गेलेल्या भावापेक्षा तो फारसा वेगळा नाही.

आपला संबंध येथेच येतो. आफ्रिकेतले बरेच सोने दुबईला येते आणि सोने शोधण्याची यंत्रे व त्यांचे सुटे भाग देऱ्याच्या बाजारातून आफ्रिकेकडे जातात. रत्नागिरी, रायगडकडचे आपले असंख्य बांधव आखाती देशांत दुकानांत, गोदामांत आणि कार्यशाळांत काम करतात. असा माल ज्याच्या हातून जातो, त्याला त्याची पारख असली पाहिजे. आणि इकडे मुंबई, भिवंडी, मालेगावात लेथ चालवणारा आपला कारागीर असा दांडा बनवू शकतो की नाही, हाही विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

दांड्याचे काम काय?

सोने शोधण्यासाठी वापरले जाणारे अधिक खोल जाणारे यंत्र ‘पल्स’ पद्धतीचे असते. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरातील मायनलॅब कंपनीची यंत्रे या कामात सर्वाधिक प्रसिद्ध आहेत. जमिनीजवळ फिरणाऱ्या तबकडीला कॉइल म्हणतात. तिच्यातून विजेचा ठोका सोडला जातो आणि क्षणात बंद केला जातो. जमिनीत धातू असेल तर त्या धातूत क्षणभर वीज घुमते. तिचा विझत जाणारा पडसाद यंत्र ऐकते आणि हेडफोनमध्ये आवाज देते. १९८० साली ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात किंगोवर गावाजवळ हातातल्या एका डिटेक्टरने सुमारे २७ किलोचा सोन्याचा गोळा सापडला होता. पण ती हजारांत एक गोष्ट. रोजचे सोने तांदळाच्या किंवा मुगाच्या दाण्याएवढे असते आणि त्याचा आवाज इतका बारीक असतो की लक्ष थोडे हलले तर तो हुकतो.

यंत्राचा मेंदू आणि कॉइल यांना जोडतो तो दांडा. त्याचे सहसा तीन भाग असतात. वरच्या भागावर मूठ, कोपराचा आधार आणि यंत्राची पेटी असते. मधला भाग लांबी कमी-जास्त करण्यासाठी. खालच्या भागाला कॉइल प्लास्टिकच्या नट-बोल्टने अडकवतात आणि मध्ये रबरी वॉशर असतात. हा दांडा वाकतो, तडकतो, त्याचे चाप घसरतात, बटणाचे भोक मोठे होते. कंपनीचा अस्सल दांडा महाग पडतो आणि वाळवंटात वेळेवर मिळत नाही. म्हणून बदली दांड्याचा बाजार उभा राहतो. आता या बाजारात निवड कशी करावी?

पहिली कसोटी : कॉइलजवळ धातू नको

जी वीज सोन्याच्या कणात घुमते, ती कॉइलजवळच्या कोणत्याही धातूत घुमते. म्हणून दांड्याच्या खालच्या टोकाला ॲल्युमिनियम, लोखंडी बोल्ट किंवा पितळी वॉशर लावणे म्हणजे यंत्राच्या कानात बोट घालण्यासारखे आहे. प्लास्टिकचा बोल्ट तुटला म्हणून कोणी हाताला लागेल तो लोखंडी बोल्ट घातला, तर हजारो डॉलरचे यंत्र क्षणात निकामी झाल्यासारखे वागते आणि बिचारा मालक दोष मशीनला देतो.

कार्बन फायबरविषयी मोठा गैरसमज आहे. हा पदार्थ काळा, हलका, कणखर, दिसायला प्लास्टिकसारखा. त्यामुळे तो विजेला निरुपद्रवी आहे असे अनेक विक्रेते छातीठोकपणे सांगतात. ते खरे नाही. कार्बन वीज वाहून नेतो. तांबे किंवा ॲल्युमिनियमइतकी नाही, पण नेतो. वरच्या आणि मधल्या भागात त्याने काही बिघडत नाही. खालच्या भागात मात्र कार्बनची नळी कॉइलला जाऊन भिडता कामा नये. चांगले कारखानदार कार्बन नळीच्या शेवटी काचतंतूचा किंवा नायलॉनचा तुकडा बसवतात, जेणेकरून कार्बन कॉइलपासून दूर राहतो. ज्याला हे काहीच बघायचे नाही त्याने खालचा भाग सरळ काचतंतूचा, म्हणजे फायबरग्लासचा घ्यावा. वजन थोडे वाढेल, पण डोकेदुखी जाईल.

येथे आणखी एक बारकावा आहे. दांड्यातला थोडासा वाहक पदार्थ स्थिर असेल तर यंत्र त्याला बऱ्याच वेळा सांभाळून घेते. खरा त्रास हालचालीने होतो. कॉइल आणि दांडा यांच्यात खेळ असेल, कॉइल डुलत असेल, वायर सैल लोंबत असेल, तर प्रत्येक फेऱ्यात खोटा आवाज येतो. खोट्या आवाजाने खड्डे वाढतात, माणूस थकतो आणि शेवटी खऱ्या आवाजाकडेही दुर्लक्ष करू लागतो.

दुसरी कसोटी : वजन कोठे आहे

दुकानात ग्राहक दांडा हातात घेऊन झेलतो आणि ‘हलका आहे’ म्हणून खूश होतो. केवळ एकूण वजन पाहणे पुरेसे नाही. वजन कोठे आहे ते पाहिले पाहिजे. मुठीपासून ९० सेंटीमीटर दूर असलेले १०० ग्रॅम आणि मुठीपासून १५ सेंटीमीटरवर असलेले ६०० ग्रॅम मनगटावर सारखाच भार टाकतात. काट्याचा तराजू रोज वापरणाऱ्या आपल्या व्यापाऱ्याला हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून खालच्या भागात वाचवलेले १०० ग्रॅम हे वरच्या भागात वाचवलेल्या १०० ग्रॅमपेक्षा कितीतरी मोलाचे.

समजा, माणूस दर दोन सेकंदांना एकदा कॉइल फिरवतो. तासाला १८०० फेरे झाले. सहा तासांत १०,८०० फेरे. यंत्रे काही फुलासारखी नसतात. मायनलॅबचे २०१५ चे जीपीझेड ७००० हे सुमारे ३.३ किलोचे आहे, तर २०२१ साली आलेले जीपीएक्स ६००० सुमारे २.१ किलोचे, आणि त्याचा दांडा कंपनीनेच कार्बनचा दिला आहे. कंपनीला जी गोष्ट कळली ती आपण ग्राहकाला सांगितली पाहिजे. खांदा आणि कंबर गेली तर सोने सापडूनही ते दवाखान्यात जाते.

लांबीही वजनाइतकीच महत्त्वाची आहे. हात सैल सोडून सरळ उभे राहिल्यावर कॉइल जमिनीला समांतर टेकली पाहिजे. उंच माणसाने आखूड दांडा घेतला तर तो दिवसभर रुकूच्या अवस्थेत चालतो. ग्राहक उंच असू शकतो हे देऱ्यातल्या दुकानदाराने लक्षात ठेवावे आणि मधला भाग पूर्ण ओढल्यावरही आत किमान चार बोटे नळी शिल्लक राहते की नाही ते पाहावे. नाही तर सांध्यावरच तडा जातो.

तिसरी कसोटी : ऊन, वाळू आणि मीठ

कागदावर कार्बन सर्वश्रेष्ठ. मैदानात तसे नेहमी होत नाही. ॲल्युमिनियम वाकते, वाकताना इशारा देते आणि गावातला लोहारही त्याला ठोकून सरळ करू शकतो. कार्बन वाकत नाही. गाडीच्या टपावरून पडला, दोन दगडांत सापडला, तर एकदम फुटतो, आणि मग वाळवंटात त्याचा इलाज नाही. त्यातही दोन जाती आहेत. ज्या नळीत सर्व तंतू लांबीच्या दिशेनेच ओढलेले असतात ती उभी चिरते. ज्या नळीत थर आडवे-उभे गुंडाळलेले असतात ती पीळ सहन करते. डिटेक्टरला दुसरी हवी. कापलेले टोक निरखून पाहिले तर थर दिसतात.

वाळूची गोष्ट वेगळीच. फिरवून आवळायचे चाप दिसायला सुबक, पण त्यात बारीक रेती शिरली की ते ना आवळतात ना सुटतात. बटण आणि भोक हा जुना प्रकार त्यामानाने निर्धोक. फक्त भोकाची धार कानशीने मारलेली असावी. आणि कृपा करून सांध्याला तेल लावू नका. तेल आणि रेती मिळून पॉलिश पेपरसारखे काम करतात आणि नळी खाऊन टाकतात. कोरड्या फडक्याने पुसणे, पाणी मिळेल तेव्हा धुणे, एवढेच पुरे.

खारट ओलाव्याच्या जमिनीत कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना घट्ट भिडून राहिले तर ॲल्युमिनियम गंजते, पांढरी पूड धरते आणि सांधा जाम होतो. लाल समुद्राच्या किनारपट्टीत हे ध्यानात ठेवावे लागेल. अशा जोडीमध्ये नायलॉनची बुशिंग घालणे हा सोपा इलाज आहे. फायबरग्लासला ऊन लागून वरचा थर सुटला की काचेचे तंतू हाताला टोचतात, म्हणून त्यावर रंगाचा हात असावा. पीव्हीसी पाइपचा दांडा स्वस्त. पण उन्हात उभ्या गाडीत तो मऊ पडून वाकतो. त्यापेक्षा नीट वाळवलेल्या लाकडाचा खालचा भाग बरा! सुके लाकूड वीज वाहत नाही आणि कोणताही सुतार ते करू शकतो. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

गल्ल्यावर काय तपासावे?

ग्राहकाने जुना दांडा बरोबर आणावा आणि विक्रेत्याने व्हर्नियरने मोजावा. बाहेरचा व्यास, आतला व्यास, बटणाच्या भोकांचे अंतर, आणि कॉइलच्या दोन कानांमधली रुंदी. ‘सगळ्यांना बसतो’ असे म्हणणारा विक्रेता एक तर अजाण आहे किंवा लबाड. मग यंत्र जोडून, सुरू करून, कॉइल हवेत धरावी. दांडा हलकेच वाकवावा, कॉइल बोटाने डोलवावी, खालच्या भागावर थाप मारावी. आवाज बदलला तर दांडा परत ठेवावा. पाच मिनिटांचे काम आहे. कपड्याच्या दुकानात आपण ताग्याचा रंग दाराशी नेऊन उजेडात दाखवतो, तशातलाच हा प्रकार.

आमचा सल्ला थोडक्यात असा. खालच्या भागावर कंजुषी करू नका. तो फायबरग्लासचा किंवा काचतंतूचे टोक असलेल्या कार्बनचा, ओळखीच्या कारखानदाराचा घ्या. मधला आणि वरचा भाग चांगल्या लेथवर बनलेला ॲल्युमिनियमचा असला तरी पूर्ण चालेल. मोटारीने फिरणाऱ्याने आणि ज्याची प्रकृती नाजूक आहे त्याने कार्बन घ्यावा. उंटावर, ट्रकवर, दगडधोंड्यांत सामान फेकणाऱ्याने ॲल्युमिनियम घ्यावे.

खरा प्रश्न : दांड्यावर नाव कोणाचे?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. २०१३ च्या सुमारास आफ्रिकेच्या बाजारात मायनलॅबच्या यंत्रांच्या हुबेहूब नकलांचा पूर आला आणि कंपनीच्या धंद्याला त्याचा मोठा फटका बसला, हे त्या कंपनीच्या मालकांनी जाहीरपणे सांगितले होते. कंपनी ऑस्ट्रेलियाची, तिचे नुकसान झाले तर आपल्याला काय, असे कोणी म्हणेल. पण नुकसान केवळ कंपनीचे झाले नाही. चार भागीदारांनी बायकांचे दागिने विकून जे यंत्र घेतले ते नकली निघाले, तेव्हा ते घर बुडाले. त्या घराशी आपले नाते कलम्याचे आहे.

दांड्याच्या धंद्यातही हीच वाट सोपी आहे. साधी नळी आणायची, तिच्यावर मोठ्या कंपनीचे नाव छापायचे आणि दुप्पट भावाने विकायची. विचारले तर उत्तर तयार असते, ‘भाई, नाव नसेल तर गिऱ्हाईक हात लावत नाही. सगळेच करतात.’ या उत्तरात थोडे सत्य आहे हे आम्ही नाकारत नाही. अनोळखी माल विकणे कठीण असते, भाडे चढत असते, मालक दर महिन्याला विक्रीचा आकडा मागत असतो आणि नोकरी करणाऱ्या मुलाच्या हातात सर्व काही नसते. परंतु ‘सगळेच करतात’ हा जबाब दुकानात चालतो, हशराच्या मैदानात चालत नाही. सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये ज्यांना ताकीद आहे ते मापात कमी देणारे आहेत. आणि अस्सल म्हणून नक्कल देणे ही मापात कमी देण्याचीच दुसरी तऱ्हा नव्हे काय? मालातला ऐब झाकून विकला तर ग्राहकाला तो परत करण्याचा हक्क आपल्या फिकहने दिला आहे. वाळवंटात हजार किलोमीटर दूर गेलेला माणूस हा हक्क बजावायला परत कसा येणार? तो येऊ शकत नाही, म्हणूनच विकणाऱ्याची जबाबदारी दुप्पट होते.

शिवाय सरळ मार्ग बंद आहे असेही नाही. आपल्या देशाचा १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा खोटे चिन्ह लावणाऱ्याला कैदेची शिक्षा सांगतो. पण तोच कायदा सुटे भाग बनवणाऱ्याला, आपला भाग कोणत्या यंत्राला बसतो हे सांगण्यापुरते, त्या यंत्राचे नाव प्रामाणिकपणे वापरण्याची मोकळीक देतो. म्हणजे ‘अमुक यंत्राला बसणारा, अमुक कारखान्यात बनलेला दांडा’ असे लिहून विकण्यात ना कायद्याची आडकाठी आहे, ना शरीयतची. नाव आपले, माल आपला आणि जबाबदारीही आपली.

मिरजेच्या शिकलगारांचे उदाहरण आपल्या समोर आहे. तलवारींना धार लावणारे हे लोक. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे काम आटले तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी सतार आणि तंबोरा हातात घेतला. त्यांनी दुसऱ्याच्या नावाचा शिक्का मारला नाही. स्वतःचे नाव कमावले. आज देशभरचे गवई तंबोऱ्यासाठी मिरजेची वाट धरतात. हातात कसब असलेल्या माणसाला उसने नाव लागत नाही.

आपल्या लेथवाल्या बांधवांसाठी एक सूचना. खिडक्यांच्या सेक्शनसाठी मिळणारी ६०६३ जातीची ॲल्युमिनियम नळी मधल्या भागाला पुरते. वरच्या भागावर जास्त भार येतो, तेथे ६०६१ टी-६ अधिक कणखर. कार्बनला भोक पाडताना तीक्ष्ण ड्रिल आणि वर चिकटपट्टी वापरावी, आणि नाकातोंडाला मास्क बांधावा. तिची धूळ फुफ्फुसाला घातक आहे. पहिला माल निर्यात करण्याआधी पाच-दहा नग देऱ्यातल्या ओळखीच्या माणसाकडे पाठवून प्रत्यक्ष यंत्रावर तपासून घ्यावेत. पहिल्याच महिन्यात मोठा फायदा दिसणार नाही. परत आलेला प्रत्येक नग मात्र शिकवून जाईल.

जाता जाता एक इशारा. हा लेख वाचून कोणी गावाकडच्या जुन्या वाड्यात गुप्तधन शोधायला यंत्र मागवू नये. ऑस्ट्रेलियात परवाना काढून हौशी माणूस सोने शोधू शकतो. आपल्याकडे तशी सोय नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांवरील ठेव्याची वर्दी कलेक्टरला द्यावी लागते. ‘धन दाखवणारे मशीन’ म्हणून गावोगाव जी खेळणी विकली जातात, त्यांत धन फक्त विकणाऱ्याला सापडते.

सारांश, दांडा ही यंत्रातली सर्वांत बिनडोक वस्तू आहे. तिच्यात ना सर्किट, ना बॅटरी. म्हणूनच ती आपल्या कारागिराच्या आवाक्यात आहे आणि म्हणूनच तिच्यात लबाडी करणेही सोपे आहे. ज्या दुकानदाराने ग्राहकाला ‘हा कंपनीचा नाही, पण याचा खालचा भाग मी स्वतः तपासला आहे, खराब निघाला तर माझ्याकडे घेऊन या’ असे सांगितले, त्याच्याकडे तो माणूस पुढच्या हंगामात चार साथीदारांना घेऊन येईल. रोजी देणारा अल्लाह आहे. आपण फक्त तिच्यात खोट मिसळायची नाही, एवढेच आपल्या हाती आहे.